न दिसणारी दुखापत

खेळ म्हटला कीं पडणें, लागणें, मुरगळणें हें आलेंच. आणि त्याबद्दल फारशी हळहळ करण्याचें कारण नाहीं. ज्या घरांतील मुलाच्या गुडघ्याला कधीं खरचटलेंच नाहीं, त्या घरांतलें मूल वाढलें खरें, पण खेळलें नाहीं, असें खुशाल समजावें. परंतु खेळांतील दुखापतींची एक जात अशी आहे कीं तिच्यांत रक्त येत नाहीं, हाड वांकडें झालेलें दिसत नाहीं, सूजहि बेताचीच असते; आणि म्हणूनच ती सर्वांत अधिक फसवी ठरते. ही न दिसणारी दुखापत, आणि ती पाहण्यासाठीं मनुष्यानें गेल्या एकशेंतीस वर्षांत निर्माण केलेलीं साधनें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

एक नेहमींचें उदाहरण घेऊं. क्षेत्ररक्षण करतांना एखादा मुलगा धांवतां धांवतां पसरलेल्या हातावर पडतो. मनगट दुखूं लागतें. घरचीं मंडळी त्याला डॉक्टरांकडे नेतात, क्ष-किरणांनीं चित्र काढलें जातें, आणि त्यांत मोडल्याची कांहींच खूण नसते. ‘हाड शाबूत आहे’ हें ऐकतांच आईच्या जिवांत जीव येतो. हाताला पट्टी बांधली जाते, आणि आठ दिवसांनीं मुलगा पुनः बॅट हातीं घेतो. वस्तुतः मनगटांत, आंगठ्याच्या मुळाशीं, नौकेच्या आकाराचें एक लहानसें हाड आहे. त्याला पडलेली बारीक भेग पहिल्या दिवसाच्या चित्रांत पुष्कळदां दिसतच नाहीं. भेगेच्या कडा शरीर हळूहळू शोषून घेऊं लागतें, आणि दहा ते चौदा दिवस लोटल्यावर कोठें ती रेषा चित्रांत उमटते. शिवाय या हाडाला रक्ताचा पुरवठा मुख्यतः बोटांकडील बाजूनें होतो. त्यामुळें मध्यें भेग पडली कीं कोपराकडचा तुकडा उपाशी राहण्याचा धोका असतो. वेळेवर उपचार न झाले तर तो तुकडा निर्जीव होऊं शकतो, आणि मग मनगटाचें दुखणें जन्माचें सोबती होऊन बसतें.

म्हणून जाणता डॉक्टर आंगठ्याच्या मुळाशीं जी लहानशी खळगी दिसते, तींत बोटानें दाबून पाहतो. तेथें दुखलें तर चित्र निर्दोष असलें तरी तो हात जखडून ठेवतो, आणि कांहीं दिवसांनीं पुनः चित्र काढावयास किंवा अधिक सूक्ष्म तपासणी करावयास सांगतो. चित्र ‘नाहीं’ म्हणत असतां बोट ‘आहे’ म्हणत असतें. आणि अशा वेळीं बोटाचें ऐकावें लागतें. हें एवढें सूत्र ध्यानांत धरलें, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

अंतर्देहाचें चित्र प्रथम उमटलें तें जर्मनींतील वुर्ट्सबर्ग या गांवीं. तेथील प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं एका अज्ञात किरणाचा सुगावा लागला. त्याच वर्षीं २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें छायाचित्र या किरणांनीं घेतलें. बोटांचीं हाडें आणि एका बोटांतील आंगठी त्यांत स्पष्ट उतरली होती. शोधाचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. तो त्यांनीं सर्व जगाला मोकळा ठेविला. पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं त्यांनाच मिळालें. पण क्ष-किरणाचें चित्र म्हणजे अखेर एक छाया आहे. हाडांतील चुना किरणांना अडवितो म्हणून हाड पांढरें दिसतें; स्नायु, कंडरा, सांध्यांतील गाद्या आणि हाडांना हाडें बांधणारे अस्थिबंध यांतून किरण जवळजवळ सारखेच आरपार जातात, म्हणून त्यांचा एकच करडा पडदा होऊन जातो. शिवाय हाडांतलीहि भेग केसाएवढी असली तर छाया तिचा थांगपत्ता लागूं देत नाहीं.

अशी केसाएवढी भेग पडते कशी? हाड हा दगड नव्हे. तें जिवंत आहे. रहदारी चालूच ठेवून ज्याप्रमाणें रस्त्याची डागडुजी करावी, त्याप्रमाणें शरीर हाडाचा झिजलेला भाग उकरून काढीत असतें व त्या जागीं नवा भाग बसवीत असतें. उकरण्याचें काम लवकर होतें, भरण्याला महिने लागतात. गाड्यांची वर्दळ एकाएकीं वाढली तर खड्डे भरण्यापूर्वींच रस्ता खचावा, तशी गत मग हाडाची होते. एका मोठ्या आघातानें नव्हे, तर सहस्रावधि लहान आघातांनीं तें भेगाळतें. १८५५ सालीं प्रशियाच्या सैन्यांतील ब्राइटहाउप्ट नांवाच्या डॉक्टरांनीं लांबलांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजतात व दुखतात हें लिहून ठेविलें. पण कारण त्यांना दिसणें शक्य नव्हतें. पुढें १८९७ सालीं, राँटजेन यांच्या किरणांमुळें, तळपायाच्या लांब हाडांना भेगा पडलेल्या आढळल्या आणि त्या सुजेचा उलगडा झाला. कारण समजेपर्यंत ४२ वर्षें गेलीं. तोंपर्यंत शिपाई चालतच राहिले होते.

शिपायाच्या पायाला जें होतें, तेंच जलद गोलंदाजाच्या पाठीला होतें. चेंडू सोडतांना त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हां शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायांतून कमरेपर्यंत चढतो. आणि त्याच क्षणीं कमर मागें वांकलेली, एका बाजूला झुकलेली व पिळलेली असते. हा सर्व ताण कमरेच्या शेवटच्या दोनतीन मणक्यांच्या मागील बाजूस असलेल्या एका अरुंद अस्थिसेतूवर येतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाची भेग बहुधा डाव्या बाजूस पडते, डावऱ्याची उजव्या बाजूस. दिवसाला शेंकडों चेंडू टाकणाऱ्या पंधरासोळा वर्षांच्या मुलाचें हाड तर अजून पुरतें पक्वहि झालेलें नसतें. म्हणून तरुण गोलंदाजांत ही व्याधि विशेष आढळते.

ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली हा १९७३ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला, तेव्हां जगांतील अत्यंत वेगवान गोलंदाजांत त्याची गणना होत होती. त्या दौऱ्यांत त्याच्या पाठीनें दगा दिला; कमरेच्या मणक्यांना ताणानें भेगा पडल्या होत्या. त्याला सहा आठवडे प्लास्टरमध्यें राहावें लागलें. पुष्कळांना वाटलें, हा आतां संपला. परंतु व्यायामशास्त्रज्ञांच्या देखरेखीखालीं त्यानें शरीर नव्यानें घडविलें, गोलंदाजीची ढब सुधारली, आणि १९७४-७५ च्या मोसमांत इंग्लंडविरुद्ध २५ बळी घेऊन तो परतला. लिलीच्या वेळीं डॉक्टरांच्या हातीं क्ष-किरणांहून फारसें कांहीं नव्हतें. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें पहिल्या रोग्याच्या मेंदूचें चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनमधील एका रुग्णालयांत घेतलें होतें. अनेक दिशांनीं घेतलेल्या छाया गणकयंत्रानें जुळवून शरीराचा जणूं पातळ काप डोळ्यांपुढें ठेवणारें हें यंत्र पुढें हाडांच्या कामीं फार उपयोगी पडलें. पण १९७३ सालीं तें अद्याप बाल्यावस्थेंत होतें.

योगायोग असा कीं, लिलीची पाठ मोडली त्याच १९७३ सालीं पॉल लॉटरबर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं चुंबकाच्या साहाय्यानें चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांनीं तींत मोलाची भर घातली, आणि २००३ सालीं दोघांना मिळून वैद्यकाचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. एम्. आर्. आय्. या नांवानें आज सुशिक्षित घरांत सर्वांना ठाऊक असलेलें तें हेंच साधन. त्याचें तत्त्व सांगणें रेडिओच्या श्रोत्यांना कठीण जाऊं नये. आपल्या देहांत पाणी विपुल आहे, आणि पाण्यांत हायड्रोजन आहे. प्रबळ चुंबकांत मनुष्याला ठेविलें म्हणजे हायड्रोजनचे कण एका शिस्तींत येतात. मग ज्या जातीच्या लहरींवरून हें भाषण श्रोत्यांपर्यंत पोहोंचतें, त्याच जातीच्या लहरी सोडून त्यांना किंचित् हलविलें कीं मूळ स्थितीवर येतांना ते स्वतःच क्षीण लहरी परत पाठवितात. त्या टिपून घेऊन चित्र तयार होतें. येथें क्ष-किरण नाहींत, म्हणून किरणांचा अपायहि नाहीं.

या साधनाचें वैशिष्ट्य असें कीं तें हाडांतला चुना पाहत नाहीं, पाणी पाहतें. हाडावर अतिरिक्त ताण येऊं लागला म्हणजे भेग पडण्यापूर्वींच आंतील मज्जेंत पाणी सांचतें, आणि योग्य तऱ्हेनें घेतलेल्या चित्रांत तेवढा भाग उजळून दिसतो. घर पडण्याच्या आधीं भिंतीला ओल यावी, तशी ही ओल आहे. तीच वेळ सावध होण्याची. एकदां भेग पडली, म्हणजे ती किती खोल आहे आणि भरून येत आहे कीं नाहीं, हें सी. टी. अधिक स्पष्ट दाखवितें. मात्र त्यांत किरणांची मात्रा असते, म्हणून वाढत्या वयाच्या मुलांत त्याचा उपयोग जपून करितात.

या प्रगतीचें फळ भारताच्या जसप्रीत बुमराहच्या बाबतींत दिसून आलें. सप्टेंबर २०१९ मध्यें, दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी सामन्यांपूर्वीं, नित्याच्या चित्रतपासणींतच त्याच्या कमरेंत ताणाची बारीक भेग आढळली आणि त्याला विश्रांति देण्यांत आली. लिलीची पाठ ऐन दौऱ्यांत मोडली, तेव्हां दुखणें समजलें. बुमराहचें दुखणें चित्रानें आधींच सांगितलें. पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. २०२२ सालीं त्याच पाठीमुळें तो विश्वचषकाच्या ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धेला मुकला. मार्च २०२३ मध्यें न्यूझीलंडमध्यें त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्यें तो मैदानावर परतला, आणि २०२४ च्या विश्वचषक स्पर्धेंत १५ बळी घेऊन सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पुढें जानेवारी २०२५ मध्यें सिडनीच्या कसोटींत पाठीनें पुनः तक्रार केलीच. चित्र हाड दाखवितें, हाड बळकट करीत नाहीं. तें काम विश्रांतीचें, व्यायामाचें आणि टाकलेल्या चेंडूंच्या हिशेबाचें आहे.

आतां पाठीवरून गुडघ्याकडे वळूं. कारण आपल्या मातींतल्या खेळांत गुडघाच अधिक वेळां बळी पडतो. कबड्डी, म्हणजे जुन्या पिढीचा हुतूतू, घ्या. चढाई करणारा गडी मध्यरेषेकडे झेप घेत असतो, आणि त्याच क्षणीं कोणी त्याचा घोटा धरतो, कोणी कमरेला मिठी मारतो. पाऊल जमिनीला खिळलेलें, अंग मात्र वळलेलें. आंत ‘कट्’ असा आवाज होतो आणि थोड्याच वेळांत गुडघा टम्म फुगतो. गुडघ्याच्या मध्यभागीं फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध आहेत. त्यांपैकीं पुढचा, ज्याला वृत्तपत्रांत ए. सी. एल्. म्हणतात, तो तुटल्याची ही लक्षणें. साधें क्ष-किरणचित्र त्यांत बहुधा मूक राहतें. मात्र कधीं कधीं नडगीच्या हाडाच्या वरच्या बाहेरील कडेला हाडाची एक टवकळी निघालेली दिसते. पॅरिसचे शल्यवैद्य पॉल सेगाँ यांनीं १८७९ सालीं, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधापूर्वीं सोळा वर्षें, मृत देहांचे गुडघे पिळून पाहून ही टवकळी वर्णिली होती. आज ती चित्रांत दिसतांच डॉक्टर ओळखतो कीं आंतला बंध बहुधा तुटला असावा.

एम्. आर्. आय्. मध्यें तर याहून अधिक दिसतें. तुटलेला बंध दिसतोच. शिवाय मांडीच्या हाडाच्या बाहेरील अंगाला आणि नडगीच्या हाडाच्या मागल्या कडेला, समोरासमोर, मुका मार लागल्याचे दोन उजळ डाग पुष्कळदां दिसतात. बंध तुटतांच तीं दोन हाडें क्षणभर जागा सोडून एकमेकांवर आदळलेलीं असतात. त्या क्षणाची ही मुद्रा. मैदानावर काय घडलें तें कोणीं नीट पाहिलेलें नसलें, तरी हाडांनीं तें लिहून ठेविलेलें असतें. आणि तरीहि, गुडघा किंचित् वांकवून, मांडी एका हातानें स्थिर धरून, दुसऱ्या हातानें नडगी पुढें ओढून पाहण्याची जी लॅकमन यांच्या नांवानें ओळखली जाणारी परीक्षा आहे, तिनें अनुभवी डॉक्टराला पुष्कळदां चित्राच्या आधींच निदान सांपडतें. चित्र त्याला दुजोरा देतें, आणि शेजारची गादी फाटली आहे काय, हें जास्तीचें सांगतें.

स्नायु आणि कंडरा यांच्यासाठीं सोनोग्राफी हें तिसरें साधन आहे. ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींनीं होणाऱ्या या चित्राचा गुण असा कीं अवयव हलत असतांना तो पाहतां येतो. टांचेची कंडरा सैल सोडली असतां तिचीं तुटलेलीं टोंकें कितपत जवळ येतात, हें तेथल्या तेथें कळतें. परदेशीं असें लहान यंत्र मैदानाशेजारीं ठेवितात. आपल्याकडे मात्र गर्भलिंगपरीक्षेच्या दुरुपयोगामुळें या यंत्रांवर कायद्याचे कडक निर्बंध आहेत. असा कायदा प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. मुलींच्या जिवासाठीं घातलेलें हें बंधन खेळाडूनें आनंदानें सोसावें, असेंच आहे.

एवढीं साधनें हातीं आल्यावर, प्रत्येक दुखण्याला प्रथम चित्रच काढावें, असें कोणासहि वाटेल. शहरांतून आतां तशी रीतहि पडूं लागली आहे. डॉक्टराकडे जाण्यापूर्वींच पालक मुलाला चित्रकेंद्रांत नेतात. येथें दुसरा धोका उभा राहतो. पहिला धोका असा कीं चित्रांत नसलेली दुखापत देहांत असते. दुसरा असा कीं चित्रांत दिसणारा दोष हें दुखण्याचें कारणच नसतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका समालोचनांत, पाठ मुळींच न दुखणाऱ्या ३,११० माणसांचीं चित्रें विचारांत घेतलीं होतीं. त्यांत विशींतल्याहि शेंकडा ३७ जणांच्या मणक्यांमधील गाद्या झिजलेल्या आढळल्या. ऐंशीच्या वयांत तें प्रमाण शेंकडा ९६ होतें. अमेरिकेंतील शल्यविशारद जेम्स अँड्रूज यांनीं बेसबॉलमध्यें चेंडू फेंकणाऱ्या ३१ धडधाकट खेळाडूंचे खांदे एम्. आर्. आय्. नें तपासले; शेंकडा ९० जणांच्या सांध्यांतील कूर्चेंत आणि शेंकडा ८७ जणांच्या कंडरांत विकृति दिसली. त्यांपैकीं कोणालाहि दुखत नव्हतें. केस पिकणें हा जसा रोग नव्हे, तशा या वापराच्या खुणा आहेत. परंतु अहवालांत छापलेले भारदस्त शब्द वाचून घरांत घबराट होते. निरोगी मुलाचा खेळ सुटतो, आणि क्वचित् नको ती शस्त्रक्रियाहि होते.

चित्र केव्हां काढूं नये, हेंहि शास्त्रच आहे. मुरगळलेल्या घोट्याचीं पुष्कळशीं चित्रें निष्फळ ठरतात, कारण बहुतेकांचें हाड शाबूतच असतें, हें पाहून कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं १९९२ सालीं सोपे नियम घालून दिले. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागल्या कडेवर व टोंकांवर, तसेंच पावलाच्या ठराविक दोन जागीं, हाड दाबल्यावर दुखत नसेल, आणि लंगडत कां होईना, रोग्याला चार पावलें टाकतां येत असतील, तर चित्राची गरज बहुधा नसते. बोटांची दोन टोंकें आणि चार पावलें यांवर उभे असलेले हे नियम देशोदेशींच्या दवाखान्यांनीं स्वीकारले. हाडाचा रोगी चित्राशिवाय सुटूं नये आणि ज्याला गरज नाहीं त्याला चित्राची खटपट पडूं नये, हा त्यांतील मेळ आहे.

तात्पर्य, चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराला योग्य वेळीं बोलवावें लागतें, नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याचें उत्तर इतर पुराव्याशीं ताडून पाहावें लागतें. प्रश्न तयार होतो तो दुखापतीच्या हकीकतींतून: मूल कसें पडलें, आवाज झाला काय, सूज तत्काळ आली कीं दुसऱ्या दिवशीं, रात्रीं दुखतें कीं फक्त खेळतांना, आणि गेल्या महिन्यांत सराव एकाएकीं वाढला होता काय. ही हकीकत कोणतेंहि यंत्र सांगूं शकत नाहीं. ती सांगावयाची मुलानें, आणि ऐकावयाची आईबापांनीं, खेळाच्या शिक्षकांनीं व डॉक्टरांनीं.

आणि येथेंच खरी अडचण आहे. सामना तोंडावर आला असतां मूल दुखणें लपवितें. संघांतून वगळलें जाईल या भीतीनें तें दांत आवळून चेंडू टाकीत राहतें, आणि वडीलधारीं माणसें त्यालाच धैर्य समजून शाबासकी देतात. ‘थोडें दुखायचेंच’ हें वाक्य घराघरांत ऐकूं येतें. ज्या मुलाची पाठ तीन आठवडे एकाच जागीं दुखत आहे, त्याला त्या वाक्याची नव्हे, तपासणीची गरज आहे. पुढें कितीहि सूक्ष्म यंत्रें निघालीं, तरी ‘मला दुखतें आहे’ हें मुलाचें वाक्य ज्या घरांत विश्वासानें ऐकलें जाईल, त्याच घरांत त्या यंत्रांचा उपयोग वेळेवर होईल.